एदोमधला सामुराई आणि सुतार: गेममध्ये महिन्याचा खर्च कसा धरायचा?

कागदी_कटाना:
आमच्या ग्रुपचं रोलप्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन साधारण १८२० च्या एदोमध्ये (आजचं तोक्यो) चालू होतंय. एक प्लेयर दोशिन आहे, म्हणजे पोलिसाचं काम करणारा खालच्या फळीतला सामुराई, दुसरा सुतार आणि तिसरा रोनिन, म्हणजे मालक नसलेला सामुराई. रूलबुकात सगळ्यांना गरीब, मध्यम, श्रीमंत असा सरसकट महिन्याचा आकडा दिलाय आणि तो मला अजिबात पटत नाहीये, कारण मग दोन तलवारी सोडल्या तर सामुराई असण्याने खेळात फरक काय पडतो? खरे आकडे कोणाला माहीत असतील तर सांगा प्लीज.

भातखाचर:
आधी पगार कशात मिळतो ते बघ, अर्धं काम तिथेच होतं. दोशिनचा ठरलेला पगार म्हणजे वर्षाला ३० पोती तांदूळ आणि वर दोन माणसांचा शिधा, सगळं मिळून साधारण १४ कोकु. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, अंदाजे १५० किलो, आणि ढोबळ हिशोबाला १ कोकु = १ र्‍यो सोनं (म्हणजे एक सोन्याचं नाणं) धर. म्हणजे वर्षाचे १४ र्‍यो. आता सुतार बघ, त्याला दिवसाला ५.४ मोन्मे (हे वजनाचं माप) चांदी मिळते आणि ६० मोन्मेचा एक र्‍यो होतो, म्हणजे ११ दिवस काम केलं की र्‍यो हातात. पावसाचे, सणाचे दिवस सोडले तरी वर्षाला २० च्या वर जातो, आणि शहरात आग लागली की सुताराला मागणी विचारूच नको. पण रस्त्यात वाकायचं मात्र सुतारानेच!

शिवाय सामुराईचा तांदूळ वर्षातून तीनदा येतो, त्यातला अर्धा हिवाळ्यात. तो असाकुसाच्या सरकारी कोठारातून उचलून विकायला फुदासाशी नावाचे दलाल, आणि तेच पुढच्या हप्त्यावर कर्ज देतात. १७८९ मध्ये शोगुनच्या सरकारने जुनी कर्जं सरळ माफ केली, तर दलालांनी नवीन कर्ज द्यायलाच हात आखडला आणि सामुराईंची आणखी पंचाईत झाली. तुझ्या दोशिनला कॅश देऊच नकोस, पोती दे आणि त्याला दलालाच्या दारात उभा कर.

नागाया_३:
वरच्याशी सहमत, पण दोशिनला एदोतल्या हाच्चोबोरी भागात राहायला जागा फुकट असते हे धरायला विसरू नका. बरेच जण त्यातला तुकडा वैद्याला वगैरे भाड्याने द्यायचे. बाकी खालचे सामुराई घरी छत्र्या बनवायचे, फुलझाडं वाढवून विकायचे, ते साइड जॉब म्हणून मस्त चालेल.

रोनिन आणि सुतार नागायात राहतील. चाळीसारख्या ओळीने खोल्या, एक खोली साधारण ९ फूट बाय १२ फूट, त्यातच चूल. विहीर आणि संडास सगळ्यांचा मिळून. भाडं महिन्याला ५०० मोनच्या (मोन म्हणजे तांब्याचं सुटं नाणं) आसपास म्हणजे सुताराची एका दिवसाची मजुरी, सोबा नूडल्सचा वाडगा १६ मोन, सार्वजनिक न्हाणीघर १० मोनच्या आत-बाहेर. संडासातला मैला शेतकरी खतासाठी विकत न्यायचे आणि ते पैसे चाळ सांभाळणाऱ्या ओयाला मिळायचे, म्हणून भाडं थकलं तरी तो भाडेकरूला पटकन हाकलत नसे असं माझं मत. हे गेममध्ये नक्की घ्या, ओया हे एनपीसी (गेम चालवणाऱ्याने खेळवायचं पात्र) म्हणून फार कामाचं पात्र आहे.

आणि उधारी! तांदूळ, मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट), तेल सगळं उधारीवर चालतं आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री वसुलीवाले दारोदार फिरतात. त्या एका रात्रीवर अख्खं सेशन होईल.

कागदी_कटाना:
जबरदस्त, थँक्यू दोघांना. मग आता असं करतो, सामुराईला "मानाचा खर्च" वेगळा लावतो, कपडे, भेटी, नोकर, तो चुकवला तर पैसे वाचतात पण इज्जतीचे पॉइंट जातात. सुताराला तो खर्च नाही. हेच आकडे युद्धकाळात, म्हणजे १५५० ला चालतील का?

भातखाचर:
नाही चालणार. तेव्हा बऱ्याच ठिकाणी जमिनीची किंमत तांदळात नाही, तांब्याच्या नाण्यांत मोजायचे आणि ती नाणी बहुतेक चीनमधून आलेली. कोकुचा हिशोब देशभर बसला तो जपान एकत्र आणणाऱ्या हिदेयोशी या सरदाराच्या जमीन मोजणीनंतर, आणि १५८८ ला त्याने शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेईपर्यंत शेतकरी आणि सैनिक यांच्यातली रेघही पुसटच होती. तिथे शेतकरी भाला घेऊन वर चढू शकतो, त्यामुळे मानाच्या खर्चाचा तुझा नियम १८२० लाच ठेव.