उलट्या सोसायलाच हव्यात असं नाही

ऑपरेशनसाठी भूल दिली की नंतर उलट्या व्हायच्याच, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. धोका आधी ओळखता येतो. भूलतज्ज्ञ अपफेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी मांडल्या: रुग्ण स्त्री असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागण्याचा किंवा पूर्वी भुलीनंतर उलट्यांचा त्रास, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं. चारही असतील तर शक्यता सुमारे ८० टक्के! म्हणून 'मला बस लागते' हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. मग ते सुरुवातीलाच डेक्सामेथासोन आणि ऑपरेशन संपताना ऑन्डॅनसेट्रॉन ही उलट्या रोखणारी औषधं देऊ शकतात; धोका जास्त असेल तर भुलीच्या वायूऐवजी शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉल या औषधावर भूल ठेवतात. खोलीत आणल्यावरही मळमळलं, तर दाबून न ठेवता लगेच सिस्टरना सांगा.