गेलेल्या माणसांच्या हातचे काम : अनुभव धागा

यंदाच्या पितृपक्षात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, म्हाळ घालताना गुरुजींनी तीन पिढ्यांची नावे विचारली. वडील, आजोबा, पणजोबा अशी नावे मी सांगितली, तिळाचे पाणी सोडले, आणि पाने वाढून होईपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की पणजोबांच्या नावाखेरीज मला त्यांच्याविषयी काहीही ठाऊक नाही. ते उजव्या हाताने कोयता चालवीत की डाव्या, त्यांना पोहता येत होते का, रात्री जेवण झाल्यावर ते ओटीवर बसत की लगेच झोपत, हे सांगू शकणारे शेवटचे माणूस आमच्या घरातून केव्हाच गेले, आणि ते असताना आम्ही कोणी विचारले नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या आणि किनाऱ्यावरून बाहेर गेलेल्या सर्वांना ही विनंती आहे, की आपल्या गेलेल्या माणसाचे एखादे रोजचे काम इथे लिहावे, शक्यतो असे काम की जे आता घरात कोणालाच तसे जमत नाही. आजारपण आणि शेवटचे दिवस लिहू नयेत असे माझे म्हणणे नाही, परंतु ते दिवस आठवणींच्या दारातच ठाण मांडून बसतात आणि त्यांच्यामागची सत्तर वर्षे दिसेनाशी होतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. कृपया माणसांची नावे लिहू नयेत, नाते पुरेसे आहे.

सुरुवात मीच करतो.

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत. झाडावरचा आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, हे इथे सगळेच जाणतात. देठाजवळ खळगा पडून दोन्ही खांदे वर आले की फळ तयार झाले असे समजतात, आणि शंका असल्यास पाण्यात टाकून पाहतात, कारण तयार फळ बुडते आणि कोवळे तरंगते. अण्णांचे खरे कसब मात्र आंबा उतरवल्यानंतर सुरू होत असे. माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आढी लागली, की पुढचे आठ-दहा दिवस त्यांची झोप सावध असे. रात्री दोन-तीन वाजता उठून, दिवा न लावता, ते खोलीच्या दारात थोडा वेळ उभे राहत, मग आत जाऊन गुडघ्यांवर बसत आणि पेंढ्याखाली मनगटापर्यंत हात सरकवीत. पिकू लागलेल्या फळाला ऊब असते, आणि ती ऊब आढीच्या कोणत्या कोपऱ्यात वाढली आहे यावरून कोणता थर उद्या काढायचा आणि कोणता अजून दोन दिवस ठेवायचा हे ते ठरवीत. कोठे एखादे फळ डागी लागले असेल तर वासावरून नेमके तेच बाहेर काढीत. लहानपणी मी त्यांच्यामागून चोरपावलांनी जात असे. एकदा त्यांनी माझा हात धरून पेंढ्याखाली घातला आणि विचारले, “कळते का काही?” मला काहीच कळले नव्हते, पण मी हो म्हणालो. त्यांनी ते ओळखले असणार, कारण त्यांनी माझा हात बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

साका, म्हणजे फळाच्या आतला गर पांढरट आणि भुसभुशीत होण्याचा दोष, मात्र त्यांनाही बाहेरून ओळखता येत नसे, आणि त्याचे त्यांना मनापासून वाईट वाटे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या रत्ना जातीच्या आंब्यात साका होत नाही, म्हणून त्यांनी त्याचे एक कलम विहिरीजवळ लावले होते. त्याची फळे ते आवडीने खात, पण पेटीत मात्र हापूसच जाई. आता आढीची खोली आहे, पेंढा आहे, आणि मी रात्री हातही घालतो. मला ऊब कळते, पण तिचा अर्थ लावता येत नाही.

श्रीवर्धनहून, एक पुतण्या

माझे थोरले काका पोफळीवर चढत. एका पोफळीवर चढून, पिकलेल्या सुपारीचे घड काढून झाले की ते खाली उतरत नसत. शेंड्यापाशी बसून अंगाला झोके देत, झाड वाकू लागे, आणि हात पोहोचला की शेजारच्या पोफळीचा शेंडा धरून ते तिकडे जात. अशी पंधरा-वीस झाडे वरच्या वर करून ते वाडीच्या दुसऱ्या टोकाला उतरत. खाली उभे असलेल्या आम्हा मुलांना ते कोठे आहेत हे फक्त झावळ्यांच्या आवाजावरून कळे.

ते गेले तेव्हा मी दुबईत होतो. परत आल्यावर मी वाडीत जाऊन बसत असे, कारण तिथे वर पाहिले की ते आठवत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारच्या काही तासांत आमची वाडी आडवी झाली. त्यांनी स्वतः आळी करून लावलेल्या, पाटाच्या पाण्याने शिंपून वाढवलेल्या पोफळी एकमेकींवर पडल्या होत्या. आम्ही पुन्हा रोपे लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि झोका घेण्याइतकी ती उंच होईल तोवर झोका घेणारा कोणी असेल असे मला वाटत नाही. माझ्यासाठी काका दोनदा गेले.

रेवसजवळच्या गावातून, एक पणती

१७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. माझे पणजोबा त्यांत होते. बोटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते पणजीविषयी, कारण ती त्यानंतर बावन्न वर्षे जगली.

तिच्या हातचे काम म्हणजे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या. भात निघाल्यावर आमच्याकडे त्याच शेतात कांदा लावतात. कांदा उपटल्यावर पात अर्धवट सुकलेली असतानाच वेणी घालावी लागते. पात हिरवी असेल तर कुजते, आणि कडक वाळली तर तुटते. तो मधला दीड-दोन दिवसांचा काळ पणजी बरोबर साधत असे. पात दोन बोटांत धरून कानाजवळ चुरडायची आणि आवाजावरून ठरवायची. मग अंगणात फतकल मारून बसली की तिच्या हातून वेणी अशी उतरे की वरचा कांदा मोठा, खालचा लहान, आणि एकही पात बाहेर आलेली नाही. आम्हा मुलींचे केसही ती त्याच हाताने विंचरी, आणि आम्ही ओरडत असू, कारण ती कांद्याच्या वेणीइतकीच घट्ट घाली. त्या वेण्या विकून तिने तीन मुले वाढवली.

बोटीविषयी ती फक्त एकच गोष्ट सांगे. वाचून आलेल्या शेजाऱ्याने तिला सांगितले होते, की पणजोबांच्या हातात तिच्यासाठी घेतलेली नवी छत्री होती. पणजीने पुढे आयुष्यभर छत्री वापरली नाही. पावसात ती इरले घेऊन जाई, आणि इरली करणारे गावात कोणी उरले नाही तेव्हा घोंगडीची खोळ करून जाऊ लागली. नातवंडांनी दोनदा छत्री आणून दिली. दोन्ही छत्र्या तिने शेजारणींना दिल्या. आषाढ अमावास्येला आमच्या घरात आजही मांस-मच्छी शिजत नाही, आणि माझ्या मुलांना त्याचे कारण मी छत्रीपासून सांगते.

वेंगुर्ल्याहून, एक नात

आमचे आजो दशावतारात स्त्रीपार्टी करीत. ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की त्यात संवाद लिहिलेले नसतात. कोणते आख्यान करायचे ते आधी ठरते, आणि रात्री पेटी-मृदंगाच्या साथीवर ज्याने त्याने आपले बोलणे उभ्या उभ्या रचायचे असते. त्यामुळे आजोंनी द्रौपदी किंवा तारामती म्हणून जे बोलले ते कोठेही कागदावर नाही. ते त्या त्या रात्री त्या त्या जत्रेत बोलले गेले, आणि पहाटे दहीकाला झाल्यावर माणसांबरोबर घरोघर गेले.

तरीही एक गोष्ट मी जवळून पाहिलेली आहे. देवळामागच्या पडवीत, पेटाऱ्याला टेकवलेल्या वीतभर आरशासमोर, ते मांडी घालून बसत. सफेदा आणि पिवडी तळहातावर कालवून चेहऱ्याला लावीत, मग काजळाची काडी एकदाच, न थांबता, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत नेत. ती रेघ काढताना ते श्वास रोखून धरीत आणि मीसुद्धा रोखून धरीत असे. रेघ पुरी झाली की ते आरशातूनच माझ्याकडे पाहून हसत, आणि त्या हसण्यात आमचे आजो नसत, दुसरेच कोणी असे. मला त्याचे भय वाटले नाही. आमच्या घरात आणखी एक बाईमाणूस आहे असे मला लहानपणी खरोखरच वाटत होते.

लुगडे ते कोणाच्या मदतीशिवाय नेसत. आजी म्हणे, “माझ्यापरास ह्येंकाच लुगडा बरा नेसूक येता.” माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला नऊवारी नेसून चालता येईना, तेव्हा सगळ्या बायका बाजूला सारून आजो पुढे आले. तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तर होते. त्यांनी माझ्या निऱ्या सोडवल्या, पुन्हा घातल्या, आणि म्हणाले, “बाय गो, लुगडा अंगाक नेसूचा नाय, चालीक नेसूचा. आधी चलून दाखय, मगे नेसवतंय.” मी ओसरीवरून चालले, ते पाहत राहिले, आणि मग त्यांनी माझ्या चालीला बेताचे लुगडे नेसवले. ते दिवसभर सुटले नाही.

लोक त्यांना कलाकार म्हणून ओळखत. आम्हाला ते सकाळी नऊला, डोळ्यांत काजळ तसेच राहिलेले असताना, जोत घेऊन शेतात जाताना आठवतात.

दाभोळ खाडीकाठचे, सध्या चिपळूण

माझे नाना जहाजावर खलाशी होते. दोन-दोन वर्षे ते घरी येत नसत, आणि नानीला वाचता येत नव्हते, म्हणून ते पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवीत. जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या नमाजानंतर फातेहा झाला की सगळे घर टेपभोवती बसे. कॅसेटमध्ये प्रत्येक वेळी नवी बंदरे, नवी माणसे असत, पण शेवट ठरलेला असे, “विहिरीचा दोर बघा, झिजला असेल तर बदला.” सुट्टीवर आले की ते पहिल्यांदा विहिरीवर जात आणि दोर स्वतः ओवून गाठ मारीत. ओझे पडले की घट्ट होणारी आणि ओझे निघाले की एका हाताने सुटणारी ती गाठ त्यांनी मला शिकवली आहे. मी मोटारसायकलवर पेटी बांधतो तीसुद्धा त्याच गाठीने.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घरात पाणी शिरले आणि सगळ्या कॅसेट गेल्या. चिखलातून काढलेल्या फिती मी धुऊन वाळवल्या, काहीही ऐकू येत नाही. तरी टाकवत नाहीत. नानांचा आवाज आता फक्त आम्हा चार भावंडांच्या कानांत आहे, आणि चौघांनाही तो थोडा वेगवेगळा आठवतो.

राजापूर तालुका, सध्या डोंबिवली

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, होते. दर महिन्याची मनिऑर्डर आली की पोस्टमन कुपनावरच्या दोन ओळी आईला वाचून दाखवी, आणि आई ती कुपने बिस्किटांच्या डब्यात ठेवी. शेवटचे कुपन जानेवारी १९८२ चे आहे. त्याच महिन्याच्या १८ तारखेला संप सुरू झाला, आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर बाबाही घरी बसले, मग गावी आले. साच्यांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येई, पण कोणतेही कापड चिमटीत धरून ते त्याची वीण सांगत. माझ्या पहिल्या पगाराचा शर्ट मी त्यांच्यासाठी नेला तेव्हा त्यांनी तो प्रथम घातला नाही, चिमटीत धरून बराच वेळ चोळला, आणि म्हणाले, “चांगला विणलाय.” विणणारा कोण असेल, याचाच विचार ते करीत असावेत असे मला आज वाटते.

हर्णैहून

माझ्या भावाचे वर्षश्राद्ध अजून व्हायचे आहे, त्यामुळे मला फार लिहिता येणार नाही. १ जून ते ३१ जुलै होड्या बंद असतात, त्या दोन महिन्यांत तो पडवीत जाळी दुरुस्त करी. गेल्या पावसाळ्यात अर्धे जाळे झाले असताना तो आजारी पडला आणि उठला नाही. जाळे पडवीच्या खांबाला आहे तसे आहे, लाकडी सुई दोऱ्यासकट त्याच आसात, म्हणजे जाळ्याच्या डोळ्यात, अडकलेली आहे. गावातल्या दोघांनी पुरे करून देतो म्हणून विचारले, मी नको म्हटले. नारळी पौर्णिमेला दुसरे जाळे घेऊन होडी पाण्यात घातली.

परवा वहिनी पडवी झाडत होती. तिने ती सुई हातात घेतली, दोन आस विणले, आणि पुन्हा होती तशी अडकवून ठेवली. तिला ते येते, हे मला माहीत नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्याने तिला शिकवले होते म्हणे.