कंपाउंडेड सेमाग्लुटाइड बंद होतंय. आता वेगोव्ही, झेपबाउंड, की कराडहून मौंजारो?

कोयनाकाठ | १५ एप्रिल २०२५

मंडळी, जरा लांबण लागेल, आधीच सांगते.

मी न्यू जर्सीत एडिसनला असते. वय ४७, माहेर कराड. गेल्या ऑक्टोबरपासून दर रविवारी रात्री कंपाउंडेड सेमाग्लुटाइड टोचून घेतेय. ओझेम्पिक आणि वेगोव्हीत जे असतं तेच म्हणतात, पण नोव्हो नॉर्डिस्कच्या पेनमधलं नाही. फार्मसीने बनवून इवल्याशा बाटलीत भरून दिलेलं. ऑनलाइन डॉक्टर, घरपोच खोका, सोबत इन्सुलिनच्या सिरिंजा. वजन ८४ किलोचं ७५ झालं, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ वरून ५.७ वर आलं. आणि रात्री अकराला फ्रीज उघडून उभं राहायची सवय सुटली. मला तर वजनापेक्षा हेच मोठं वाटतं.

ब्रँडचं का नाही घेतलं? ओझेम्पिक डायबेटिसचं औषध आणि डायबेटिस म्हणायला ६.५ लागतात. माझे ६.३. म्हणजे ०.२ ने नापास! वेगोव्ही वजनासाठीच आहे, पण नवऱ्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये वजनाची औषधं मुळात वगळलेली. रोख घ्यायचं तर छापील किंमत महिन्याला १,३४९ डॉलर. कंपाउंडेड मला २४९ ला पडतं. यात विचार काय करायचा होता?

आता मागच्या आठवड्यात त्यांची ईमेल आली. औषधाचा तुटवडा संपला असं एफडीएने, म्हणजे इथल्या सरकारी औषध नियामकाने, जाहीर केलंय, त्यामुळे २२ एप्रिलनंतर 'नेहमीचं' सेमाग्लुटाइड मिळणार नाही. पण त्याच ईमेलच्या खाली लिहिलंय की बी-ट्वेल्व्ह मिसळून 'खास तुमच्यासाठी' बनवलेलं चालू ठेवता येईल, इथे क्लिक करा. हे मला जरा विचित्र वाटलं. मला बी-ट्वेल्व्ह कमी आहे असं कोणी सांगितलेलं नाही.

शनिवारच्या मराठी शाळेतली मैत्रीण म्हणते, काय फरक पडतो, औषध तेच, खोका वेगळा. मीही हेच म्हणायचे, जानेवारीपर्यंत.

जानेवारीत काय झालं ते सांगते. तोवर माझा डोस ०.५ मिलिग्रॅम होता, म्हणजे सिरिंजवर २० युनिट. हात इतका बसला होता की बघायचीही गरज वाटायची नाही. १२ तारखेला नवीन बाटली उघडली. तसंच निळं झाकण, तेवढीच बाटली. २० वर ओढलं, पोटाला टोचलं, झोपले. दुसऱ्या दिवशी भोगी. बाजरीच्या भाकरीचं पीठ मळतानाच पोटात ढवळायला लागलं, आणि मग दोन दिवस पाणीसुद्धा टिकेना. संक्रांतीचा तिळगूळ लेकाने वाटला, मी बाथरूमच्या फरशीवर बसून होते. बुधवारी जरा माणसात आल्यावर दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. जुनीवर मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम, नवीनवर ५. मधल्या काळात त्यांनी फार्मसी बदलली होती. मी बरोब्बर दुप्पट औषध घेतलं होतं. नवीन खोक्यातल्या कागदावर '१० युनिट' लिहिलं होतं, नाही म्हणत नाही. पण चौथ्या महिन्यात कागद कोण वाचतं?

कराडात आमच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर काका होते. लाल औषध बाटलीत ओतायचे, कागदाची पट्टी घडी घालून कात्रीने खाचा पाडायचे आणि खळ लावून बाटलीवर चिकटवायचे. एक खाच, एक डोस. त्या बुधवारी मला ते आठवले. त्यांची पट्टी बाटलीवर असायची, त्या बाटलीपुरती. माझी पट्टी सिरिंजवर छापलेली आहे, आणि सिरिंजला काय ठाऊक बाटलीत काय भरलंय!

तर प्रश्न. एक, कंपाउंडेड आणि ब्रँड खरंच तेच आहे का? दोन, ते बी-ट्वेल्व्हवालं घ्यावं का? तीन, आई म्हणते मौंजारो (टिर्झेपेटाइड, झेपबाउंडमध्ये असतं तेच) आता भारतात आलंय, भावाने चौकशी केली, सुरुवातीच्या डोसची बाटली ३,५०० रुपये. महिन्याच्या चार म्हणजे १४,०००, साधारण १६५ डॉलर. जूनमध्ये येणाऱ्या कोणाबरोबर मागवू का? सध्या माझा डोस १ मिलिग्रॅम आहे.

---

मेथीदाणा | १५ एप्रिल

ताई, एवढे डॉलर घालवण्यापेक्षा रात्री चमचाभर मेथी भिजत घाला, सकाळी अनशापोटी खा, भात बंद करा आणि रोज दहा हजार पावलं चाला. आमच्या वडिलांनी असंच केलं.

---

कोयनाकाठ | १५ एप्रिल

मेथीदाणा, सहा वर्षं भिजवली हो. वाटीसुद्धा तीच आहे अजून. पुढे?

---

खलबत्ता | १६ एप्रिल

मी ओहायोत फार्मासिस्ट आहे, हॉस्पिटलात. कंपाउंडिंग स्वतः करतो, त्यामुळे त्याला सरसकट शिव्या घालणार नाही. लहान मुलाला गोळी गिळता येत नाही म्हणून पातळ औषध करून देणं, एखाद्याला गोळीतल्या रंगाची ॲलर्जी असेल तर बिनरंगाची करणं, हे आमचं कामच आहे.

'तेच औषध' या शब्दाकडे जरा नीट बघू. बऱ्याच जणांना वाटतं कंपाउंडेड म्हणजे जेनेरिक. नाही. जेनेरिक बनवणाऱ्याला आपलं औषध मूळ औषधाइतकंच आणि तसंच रक्तात उतरतं हे एफडीएला दाखवावं लागतं, तेव्हा मंजुरी मिळते. कंपाउंडेड औषध एफडीए मंजूर करतच नाही. वेगोव्हीच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, हे जे आकडे सगळे सांगतात, ते त्या कंपनीच्या औषधाचे आहेत. तुमच्या बाटलीची अशी चाचणी कोणी केलेली नाही. म्हणजे ते वाईट आहे असं नव्हे. तुमचं वजन उतरलंय, साखर खाली आलीय, बाटलीत सेमाग्लुटाइड आहेच. पण किती आहे, किती शुद्ध आहे, हे त्या फार्मसीच्या प्रामाणिकपणावर आहे. काही ठिकाणी सेमाग्लुटाइड सोडियम किंवा ॲसिटेट वापरल्याचं एफडीएने सांगितलंय. ते मूळ घटकाचे क्षार, मंजूर औषधात जे असतं ते नव्हेत.

मग इतके दिवस चाललं कसं? बाजारात मिळणाऱ्या मंजूर औषधाची नक्कल करायला फार्मसीला एरवी मनाई आहे. औषध तुटवड्याच्या यादीत असलं की ती ढिली होते. २०२२ पासून ही औषधं त्या यादीत होती. टिर्झेपेटाइडचा तुटवडा संपल्याचं डिसेंबरमध्ये पक्कं झालं, सेमाग्लुटाइडचा २१ फेब्रुवारीला. म्हणून छोट्या फार्मस्यांना २२ एप्रिल आणि मोठ्या आउटसोर्सिंगवाल्यांना २२ मे. हा दुसरा प्रकार कारखान्यासारखा असतो, एफडीएकडे नोंदलेला, आणि त्याला उत्पादनाचे कडक नियम लागू असतात. तो आलाच २०१२ च्या कांडानंतर. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या पाठीत देण्याच्या इंजेक्शनांत बुरशी निघाली, ७५० च्या वर लोक आजारी पडले आणि साठाहून जास्त गेले. २०१३ मध्ये कायदा झाला. आमच्या पिढीचे फार्मासिस्ट ते विसरत नाहीत.

बी-ट्वेल्व्हचं म्हणाल तर ती पळवाट आहे. एखाद्या रुग्णाला वेगळ्या मिश्रणाची खरंच गरज आहे असं डॉक्टरने ठरवलं तर करता येतं. ईमेलमध्ये बटण दाबून सगळ्यांनाच एकदम ती गरज कशी लागली? मी तुमच्या जागी असतो तर ते बटण दाबलं नसतं.

तुमची भोगीची गोष्ट मी आमच्या इथल्या नव्या मुलांना सांगणार आहे, नाव न घेता. अगदी याच चुकीबद्दल एफडीएने गेल्या जुलैत इशारा काढला होता. लोकांनी पाचपट ते वीसपट डोस घेतल्याची उदाहरणं त्यात आहेत. युनिट हे इन्सुलिनचं माप. १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर, बस. औषध किती, ते ती सिरिंज सांगतच नाही. म्हणून नव्या डॉक्टरकडे जाल तेव्हा '२० युनिट घेते' म्हणू नका. '१ मिलिग्रॅम घेते, शेवटचा डोस अमुक रविवारी' असं सांगा, आणि बाटलीचा फोटो दाखवा. मध्ये खंड पडला तर डोस कुठून सुरू करायचा हेही त्यांनाच ठरवू द्या. दोनपेक्षा जास्त आठवडे सलग चुकले तर आपल्या मनाने जुन्या डोसवर उडी मारू नका, पुन्हा बाथरूमची फरशी दिसेल.

---

डॅलसचा तात्या | १६ एप्रिल

मी फेब्रुवारीत कंपाउंडेड टिर्झेपेटाइडवरून झेपबाउंडच्या बाटल्यांवर आलो. ते बनवणारी लिली कंपनी स्वतःच विकते, इन्शुरन्स मध्ये नाहीच. २.५ मिलिग्रॅमचे महिन्याला ३४९ डॉलर, ५ चे ४९९. साडेसात आणि दहासुद्धा ४९९ ला, पण ४५ दिवसांत पुढची मागणी नोंदवली तरच, नाहीतर भाव चढतो. कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवलीय. वेगोव्हीही आता कंपनीकडून थेट ४९९ ला मिळतं, बायकोची मैत्रीण घेते.

माझं पोळलेलं तोंड वेगळ्या कारणाने. कंपाउंडेडच्या पहिल्या बाटलीला पांढरट तरंग दिसला, फोन केला तर उत्तर आलं, 'हलवून बघा.' टाकून दिली.

झेपबाउंडच्या बाटलीत एकच डोस असतो, अर्धा मिलिलिटर. सगळं ओढायचं, संपलं. मोजायचं काही नाही, तुमच्यासाठी बरं. सिरिंज मात्र सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते. मी पहिल्याच दिवशी विसरलो आणि बाटली हातात घेऊन सीव्हीएसला, औषधाच्या दुकानात, पळालो.

आणखी एक. टिर्झेपेटाइड हे वेगळं औषध आहे. तुमच्या १ मिलिग्रॅमचा त्यातल्या मिलिग्रॅमशी संबंध जोडायला जाऊ नका. मलासुद्धा डॉक्टरने खंड पडला म्हणून परत २.५ पासून चढवलं.

---

सिंहगड रोड | १७ एप्रिल

मी पुण्यात मौंजारो घेतोय, भारतात आल्यावर आठवड्याभरातच डॉक्टरांनी सुरू केलं. मला डायबेटिस आहे, ११ वर्षं. तुमच्या भावाने भाव बरोबर सांगितलाय, ५ ची बाटली ४,३७५.

पण ताई, मागवू नका. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. बाहेर ३० अंशांपर्यंत फार तर २१ दिवस चालते. आज पुण्यात दुपारी ३९ होतं. मी दुकानातून घरी आणताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवतो, मध्ये टॉवेल, कारण गोठलं तरी वाया. कराडच्या दुकानातून मुंबई विमानतळ, तिथून अठरा तास, आणि ज्याच्या बॅगेत आहे त्याने ती चेक-इनला टाकली तर? शिवाय बाहेरून स्वतःपुरतं औषध आणणंही तिकडच्या नियमात बहुतेक वेळा बसत नाही. कोणाच्या तरी मुलाला कस्टम्ससमोर उभं करायचं का आपल्या स्वस्ताईसाठी?

आईंना सांगा, लोणचं पाठवा.

---

कोयनाकाठ | १९ एप्रिल

सगळ्यांचे आभार. काल इथल्या डॉक्टरीणबाईंना भेटले, प्रत्यक्ष, सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं बीपी घेतलं. बाटलीचा फोटो दाखवला, मिलिग्रॅममध्ये बोलले (खलबत्ता, शाबासकी द्या). त्या म्हणाल्या, तुझ्या अंगाला सेमाग्लुटाइड मानवलंय, ते सोडू नको, वेगोव्हीचं १ मिलिग्रॅमचं पेन २७ तारखेपासून. ४९९ जातील. २४९ ची सवय झालेल्या माणसाला ते टोचतंच, सुईपेक्षा जास्त. नवऱ्याने वहीत हिशोब मांडला आणि जिमचं कार्ड बंद केलं, जिथे दोघंही गेल्या जूननंतर गेलेलो नाही.

आईला मौंजारोचं नाही सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मग तिकडचंच घे, पण जेवत जा.'

शेवटचं एक. या बाटलीत दोन रविवारचं औषध आहे, पण लेबलवर वापरायची शेवटची तारीख २४ एप्रिल. उद्याचा डोस होईल. पण २७ चा उरतो, तो वाया घालवायचा जिवावर येतंय. दिसायला अगदी स्वच्छ आहे. तीन-चार दिवसांनी काय होतंय?

---

खलबत्ता | १९ एप्रिल

शाबास. उद्याचा घ्या, आधी लेबल वाचा, मग ओढा. उरलेलं टाका. वास घेऊन ठरवायला ते दही नाही.