खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं? (बडोदा)

मांजलपूरची_मासेवाली

नमस्कार मंडळी. सहा वर्षं गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळतेय. गप्पी, टेट्रा, पाणवनस्पती, सगळं व्यवस्थित. यंदा धीर करून खाऱ्या पाण्याकडे वळले. टाकी ३६ बाय १५ बाय १८ इंच, म्हणजे १६० लिटरच्या आसपास. मीठ कालवलं, दोन दिवस पंप चालवला, दुकानदार म्हणाला "बेन, हवे चालशे" (आता चालेल), म्हणून एक निळा डॅमसेल मासा आणला. तिसऱ्या दिवशी गेला. पाणी इतकं नितळ होतं की मला कळेचना काय चुकलं.

मुलगा रोज नवा व्हिडिओ दाखवतो. एक म्हणतो वाळूचा जाड थर हवा, दुसरा म्हणतो वाळूच नको. मला आता पुस्तक हवंय, पेन्सिलीने खुणा करता येतील असं. बाहेरून मागवायचं तर महाग पडतं, त्यामुळे एकच घेणार. मराठी-गुजरातीत काही आहे का? आणि पुढे प्रवाळ ठेवायची फार हौस आहे, तर त्याचंही त्यात असावं.

रीफवेडा_९०

पुस्तकं कशाला ताई, पाच-सहा वर्षांत जुनी होतात. पुस्तकात जुने, तापणारे मेटल हॅलाइड दिवे, आणि बाजारात सगळीकडे एलईडी. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, चांगलं मीठ घ्या, चालू करा.

दांडियाबाजारचे_काका

रिफ्रॅक्टोमीटर घ्याच, पण तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य जुळवलं तर वर ३५ला फसवू शकतो.

ताई, आधी तुमच्या डॅमसेलचं. पाण्यात अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे जातात, हे गोड्या पाण्यामुळे तुम्हाला ठाऊक असणार. पण गोड्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असला तर अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात राहतो आणि माशाला फारसा बाधत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३. तिथे तेवढाच अमोनिया कितीतरी पट विषारी. गप्पीने जे निभावून नेलं असतं ते डॅमसेलला जड गेलं. नितळपणावर जाऊ नका, अमोनियाला रंग नसतो.

आता पुस्तक. माझी पहिली टाकी २००४ची, वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. (आईला महिनाभर झोप नव्हती, मजला खचेल म्हणून.) मी सुरुवातच उलटी केली. मामेभावाला सांगून अमेरिकेहून डेलबीक आणि स्प्रंग यांच्या 'द रीफ अ‍ॅक्वेरियम'चा पहिला खंड मागवला. तीन खंड आहेत, १९९४, १९९७ आणि २००५चे. विद्वत्ता जबरदस्त, पण शिकाऊ माणसाने तिथून सुरुवात करणं म्हणजे बाराखडी न येता ज्ञानेश्वरी उघडणं. मी काय केलं, फोटो बघितले आणि फोटोसारखे दोन मेटल हॅलाइड दिवे घेतले. मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर. दिव्यांखाली बसून मीच घामाघूम, माशांचं काय होत असेल!

एकच घ्यायचं तर मार्टिन मो यांचं 'द मरीन अ‍ॅक्वेरियम हँडबुक'. पहिली आवृत्ती १९८२ची, तुम्ही २००९ची सुधारलेली घ्या. जुनी स्वस्तात दिसली तरी नको, ती वाळूखालच्या फिल्टरच्या जमान्यातली. मो हे मत्स्यशास्त्रज्ञ, आणि फ्लोरिडात सत्तरच्या दशकात क्लाउनफिशची पैदास करून विकणारे. पाण्यात काय बिघडलं तर पिल्लं मरतात हे ज्याने धंद्यात सोसलंय, त्याने लिहिलेला पाण्याचा भाग वाचा. तो मी तीनदा वाचला.

रीफवेड्याचं अर्धं बरोबर आहे. उपकरणांची पानं शिळी होतात. अमोनिया मात्र १९८२मध्ये जसा होता तसाच आहे. मी दिव्यांची प्रकरणं सरळ उलटून टाकतो आणि प्राण्यांची प्रकरणं वाचतो.

दुसरं म्हणजे रॉबर्ट फेनर यांचं 'द कॉन्शिएन्शस मरीन अ‍ॅक्वेरिस्ट', २००८ची आवृत्ती. दुकानात मासा कसा पारखावा आणि कोणता मासा मुळीच घेऊ नये, याबाबतीत हा माणूस सासूसारखा कडक आहे. हे विकत घेऊ नका, माझ्याकडून न्या.

मराठी-गुजरातीतलं या विषयावरचं माझ्या कपाटात एकही नाही.

प्रवाळाची गोष्ट जरा नीट वाचा. ही पुस्तकं अमेरिकेसाठी लिहिलेली आहेत. आपल्याकडे कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप कोरल, हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांनाही हाच कायदा लागू आहे. पुस्तकात पहिल्याच टप्प्यात 'लाइव्ह रॉक' घाला म्हणतात, तो बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच दगड असतो. कुणी "अरे कंई नथी थतुं" (काही होत नाही) म्हणत विकायला आलं तर हात जोडा. माझे हॅलाइड दिवे प्रवाळासाठीच घेतले होते. प्रवाळ यायच्या आत कायदा कळला, आणि ते दिवे गणपतीच्या मखराला लागले. टाकीत सिरॅमिकचे दगड आहेत, वर्षभरात त्यांच्यावरही जीव धरतो. मासा घेताना टाकीत पैदा केलेला क्लाउनफिश मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्यांची पैदास करून दाखवली आहे.

बडोद्याच्या उन्हाळ्याचं कुठल्याच पुस्तकात नाही. पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं. तुमच्या १६० लिटरमधून दिवसाला पाच लिटर उडालं तर ३५ची क्षारता ३६च्या वर जाते, कारण मीठ उडत नाही. म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नव्हे. पहिल्या वर्षी मी खारंच घालत होतो, काय सांगू. आणि पावसाळ्यात हवाच इतकी दमट की पंख्याचा उपयोग निम्माही राहत नाही. बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात वीज गेली तर तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात.

मांजलपूरची_मासेवाली

काका, मी पण खारंच घालत होते! उद्यापासून बंद. प्रवाळाचं ऐकून मात्र हिरमुसले. मग ती बघायचीच नाहीत का कुठे?

जामनगरला_बदली

बघायची तर इकडे या. कच्छच्या आखातात १९८२पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. नराराला ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. प्रवाळ, समुद्रफुलं, नशीब असेल तर ऑक्टोपस. परवानगी आणि वाटाड्या लागतो. जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, नाहीतर आमच्यासारखे चार तास चहाच्या टपरीवर बसाल. जुने बूट घाला, तळ धारदार आहे.

दांडियाबाजारचे_काका

जाण्याआधी एक वाचून जा, फुकट आहे. ओखामंडळ तेव्हा बडोदा संस्थानात होतं, तर सयाजीरावांच्या सरकारने तिथल्या समुद्राची पाहणी करवून घेतली होती. जेम्स हॉर्नेल यांनी तो अहवाल लिहिला, पहिला भाग १९०९चा, दुसरा १९१६चा. स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर सापडतात. ज्या राजाने १९१०मध्ये ग्रंथपाल बोर्डनना अमेरिकेहून बोलावून गावोगाव वाचनालयं काढली, त्याच्याच सरकारचं आपल्या समुद्रावरचं पुस्तक. टाकी कशी ठेवावी हे त्यात नाही, पण आपल्या किनाऱ्यावर काय काय राहतं ते आहे. इंग्रजी जुनं आहे, सावकाश वाचा.

मांजलपूरची_मासेवाली

मो मागवलं, पंधरा दिवसांनी येईल. टाकीत सध्या दगड आणि पाणीच आहे. आज अमोनिया ०.५. फेनर न्यायला रविवारी आले तर चालेल का?

दांडियाबाजारचे_काका

या, सकाळी दहानंतर. सेव उसळ मागवतो. पुस्तकात माझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, तुम्ही निळी वापरा. पान मात्र दुमडू नका.