मदत हवी आहे: स्वतः छापायच्या कादंबरीची फाइल

निवृत्तीनंतरची पहिली कादंबरी स्वतःच काढायची आहे. आकार ५.५ × ८.५ इंच, पानं ३१२, क्रीम कागद. दर पानाला ०.००२५ इंच धरून स्पाइन (पुस्तकाच्या पाठीची जाडी) ०.७८ इंच येते. आतला समास ०.६२५ इंच ठेवलाय, नाहीतर एवढ्या जाडीत ओळींची टोकं बांधणीत गडप होतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावल्यावर जोडाक्षरं जुळली, ऱ्हस्व वेलांटीही जागेवर आली.

अडचण पुढे आहे. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की 'प्रश्न'चे तुकडे पडतात. छपाईला फरक पडत नाही, ई-बुकचं मात्र वाटोळं होतं. मग ईपब (ई-बुकची फाइल) थेट मूळ युनिकोड वर्ड फाइलमधूनच करावं ना? आणि मांडणीनंतर मुद्रितशोधनाची दुसरी फेरी कागदावरच घ्यावी का?