गुलमर्गला स्की शिकायला बर्फ कधी चांगला असतो?

भुसावळकर
मंडळी, आम्ही चौघं मित्र गुलमर्गला स्की शिकायला जायचं म्हणतोय, येत कोणालाच नाही. ट्रॅव्हल्सवाला म्हणतो डिसेंबरच्या सुट्टीत चला, बर्फ गॅरंटीने मिळेल. पण जानेवारी २०२४ चे फोटो डोक्यातून जात नाहीत, ऐन सीझनला तिथं नुसतं वाळलेलं गवत होतं. आणि सगळे ते पावडर पावडर म्हणतात, ते नवशिक्याला चालतं का?

यावल_चा_केळीवाला
भाऊ डिसेंबर नको. चिल्लई कलान म्हणजे कडाक्याचे ४० दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात, तेव्हा कुठे थर बसायला लागतो, पातळ थराखाली दगड झुडपं असतात आणि नवीन माणूस तिथंच आपटतो. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य बघा. गॅरंटी मात्र कोणीच देऊ शकत नाही, २०२५ ला खेलो इंडियाच्या गुलमर्गच्या स्पर्धा फेब्रुवारीत होत्या, बर्फ कमी म्हणून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. सगळा खेळ पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या ढगांचा पट्टा. तो तिथं बरसून पुढे सरकला की उत्तरेचं वारं सुटतं आणि आपल्याकडे केळीवर चरका येतो, म्हणजे थंडीने ती करपते, त्यामुळे मी थंडीभर तिकडचं हवामान बघतच असतो. तिकीट काढायच्या आधी तुम्हीपण बघत जा.

सातपुडा_ट्रेकर
पावडर म्हणजे कोरडा भुसभुशीत बर्फ, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. हवा जितकी थंड तितका तो हलका. हा खरा मिळतो वर अफरवट डोंगरावर, गंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा जवळपास ३९५० मीटरवर सोडतो तिथं. पण दादा तुम्ही वर स्की घेऊन जाऊच नका, कळकळीने सांगतो. वरचे बरेच उतार दाबून तयार केलेले नसतात, ताज्या बर्फाचा थर घसरतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमस्खलनात एक परदेशी स्कीअर गेला तिथं. नवशिक्याला खाली गुलमर्गलाच, साधारण २६५० मीटरवर, दाबून सपाट केलेला बर्फ बरा, त्यावर वळायला आणि थांबायला शिकता येतं, पावडरमध्ये पाय रुततात नुसते. मार्च उजाडला की दुपारी बर्फ वितळतो, रात्री गोठतो, सकाळी काचेसारखा कडक, त्यावर पडलं की लागतं.

भुसावळकर
धन्यवाद दोघांना, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. मग फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरतो. भुसावळहून झेलमने जम्मू, पुढे कसं?

यावल_चा_केळीवाला
कटऱ्यापर्यंत जा, तिथून श्रीनगरला वंदे भारत आहे जून २०२५ पासून. बर्फात जम्मूचा घाटरस्ता बंद पडतो, तेव्हा रेल्वेच धरा. आणि परतीला एक-दोन दिवस हातात ठेवा, बर्फ जोरात असला की विमानं रद्द होतात आणि गुलमर्ग-टंगमर्ग रस्तापण अडतो.

सातपुडा_ट्रेकर
स्की, बूट भाड्याने तिथंच मिळतात. बूट घालून दहा मिनिटं चालून बघा, टाच उचलली जात असेल तर बदलून मागा. गॉगल घ्याच, ढगाळ दिवशीपण बर्फावर डोळे जळतात.