मदत हवी आहे : नेपाळमधील मदतकार्याची वही, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे कशी जपावीत?

नमस्कार.

2015 साली 25 एप्रिलला नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि 12 मे रोजी 7.3 तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. त्यानंतर जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ जण सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील मेलम्ची खोऱ्यातल्या एका गावी स्वयंसेवक म्हणून गेलो आणि पाच आठवडे राहिलो. ढासळलेल्या घरांची दगडमाती उपसणे आणि बांबू व जस्तापाता (पन्हळी पत्र्यांना तिकडे हाच शब्द आहे) वापरून पावसाळ्यापुरते निवारे उभे करणे, एवढेच आमचे काम होते.

परतल्यावर सगळे सामान एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आणि दरवर्षी 'या दिवाळीत लावू' असे म्हणत राहिलो. 2021 च्या जूनमध्ये मेलम्ची नदीला आलेल्या पुरात त्या गावाचा नदीकाठचा भाग वाहून गेला. आम्ही 2015 मध्ये गेलो तेव्हा त्या गावात शाळेत असलेला आणि आता काठमांडूत नोकरी करणारा एक मुलगा मागच्या महिन्यात फोनवर बोलताना म्हणाला, की त्यांच्या जुन्या घराचा एकही फोटो त्यांच्याकडे उरलेला नाही, तुमच्याकडे असेल तर पाठवा. त्याच रात्री ट्रंक उघडली. मी रत्नागिरीत राहतो, त्यामुळे आत काय झाले असेल याचा अंदाज इथल्या पावसाळ्याची सवय असलेल्यांना येईलच.

माझ्या दोनशे पानी वहीला कसर लागली आहे, जेल पेनची शाई दमटपणाने पसरली आहे आणि चिकटपट्टीने डकवलेल्या पावत्यांखाली तपकिरी डाग उमटले आहेत. गावकऱ्यांनी निरोपाच्या वेळी दिलेली लोक्ता कागदाची (तिकडच्या एका झुडपाच्या सालीपासून हाताने बनवलेल्या कागदाची) छोटी वही मात्र त्याच ट्रंकेत तशीच्या तशी राहिली. त्या कागदाला कीड लागत नाही असे तिथे सांगितले होते, तेव्हा मला ती विक्रेत्याची बढाई वाटली होती. छापलेली साठेक छायाचित्रे एका स्टुडिओने चिकट पानांच्या अल्बममध्ये लावून दिली होती, ती आता सोडवू गेले की पृष्ठभाग निघू लागतो. ती अल्बममध्येच ठेवून स्कॅन करावीत, की सोडवण्याची एखादी सुरक्षित पद्धत आहे? वहीतील कसर मारण्यासाठी डांबरगोळ्या ठेवल्यास शाईवर परिणाम होतो का? लॅमिनेशनचा सल्ला कृपया देऊ नये, कारण एका पावतीवर तो प्रयोग करून मी पस्तावलो आहे.

दुसरी अडचण तारखांची आहे. एका कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय वेळेवर होते, दुसऱ्याचे नेपाळच्या, म्हणजे पंधरा मिनिटे पुढे, आणि तिसऱ्याची बॅटरी काढल्यावर तारीखच मूळपदावर गेली. खिळे-तारांच्या पावत्यांवर नेपाळी विक्रम संवत 2072 मधील जेठ आणि असार महिन्यांच्या तारखा आहेत. सुमारे अकराशे फोटोंच्या नोंदींतील वेळ एकगठ्ठा दुरुस्त करणारी, शक्यतो विनामूल्य प्रणाली कोणी वापरली आहे का? मूळ फाइल न बदलता हे करता आले तर अधिक बरे.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एका वृद्ध आमांनी (नेपाळीत आमा म्हणजे आई) रोपे लावताना म्हणायचे गाणे म्हटले होते, त्याचे अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण. ते जुन्या फोनवर एएमआर (जुन्या फोनमधील ध्वनिमुद्रणाचा एक फाइल-प्रकार) स्वरूपात आहे आणि सध्याच्या फोनवर उघडत नाही. मूळ प्रत ठेवून ते वेव्ह स्वरूपात उतरवावे असे मला वाटते, परंतु मागचा पावसाचा आवाज कमी करण्याच्या नादात आमांचा आवाज बिघडेल का, अशी भीती आहे. खरे तर तो पाऊसही मला हवाच आहे.

शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर मला एकट्याला ठरवता येत नाही. फोटोंत लहान मुले आहेत, तंबूत राहणाऱ्या बायका आहेत, आणि त्या वेळी आम्ही फार थोड्यांना विचारून फोटो काढले. हा संग्रह त्या मुलाकडे पाठवला की तो पुढे कुठेही जाऊ शकतो. घरे आणि गल्ल्यांचे फोटो आधी पाठवून, माणसांचे फोटो ज्याच्या त्याच्या घरी विचारूनच द्यावेत, असे मनात आहे. अशा परतपाठवणीचा अनुभव कोणाला असेल, तर संमती कशी घेतली आणि नावे कशी नोंदवली, ते सविस्तर लिहावे. तो मुलगा दशैंला (नेपाळमधील दसऱ्याच्या सणाला) गावी जाणार आहे, तोपर्यंत निदान घरांचे फोटो त्याच्या हाती पडावेत, अशी माझी खटपट आहे.